मामांचं कपाट आणि सगळं वाजवणारं यंत्र

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. "प्लेअर गेला रे. डिस्क आत घेतो, दोन मिनिटं घरघरतो आणि 'नो डिस्क' म्हणून बाहेर काढतो. आता एकदाच काय ते चांगलं घेऊ. ते युनिव्हर्सल म्हणतात ना, तसलं. सगळं वाजवणारं."

मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ते आणि मामी दोघंच असतात. हॉलच्या एका भिंतीला छतापर्यंत पोचणारं सागवानी कपाट आहे आणि त्यात पुस्तकांपेक्षा तबकड्या जास्त. हे सगळं मोबाइलवर मिळतं असं त्यांना सांगण्याचा उद्योग मी पूर्वी एकदा केला होता. त्यावर त्यांनी मला तीन नाटकांची नावं देऊन शोधायला बसवलं. एक सापडलं, तेही मधला अंक गायब असलेलं. तेव्हापासून तो विषय बंद.

मागणी अशी होती: यंत्र एकच हवं, ते टीव्हीला आणि अँप्लिफायरला दोन्हीकडे जोडलं जावं आणि खर्च ४० हजारांच्या आत बसावा. वरवर सोपं काम. मला तीन महिने लागले. त्यातला पहिला महिना मी उलट्या टोकाने सुरुवात केल्यामुळे वाया गेला, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय.

उलटं टोक म्हणजे कॅटलॉग. मी तीन संध्याकाळी निरनिराळ्या मॉडेलांचे तक्ते समोर ठेवून बसलो. कशात कुठली चिप आहे, कुठलं डॉल्बी व्हिजन दाखवतं, कुठल्याचं वजन किती. कपाटात नक्की काय आहे हे मात्र मामांना विचारलंच नाही. 'युनिव्हर्सल' म्हटलं की सगळं आलंच, अशी माझी समजूत होती.

या शब्दाचा जन्म पाहिला तर ती समजूत टिकत नाही. १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सने सीडीची थोरली बहीण म्हणून सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे एसएसीडी, बाजारात आणली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाची डीव्हीडी-ऑडिओ आली. दोन्हींचा दावा सीडीपेक्षा सरस आवाजाचा, पण एकीचं यंत्र दुसरीला ओळखत नसे. गिऱ्हाईक दोन यंत्रं कशाला घेईल? मग काही कंपन्यांनी दोन्ही वाजवणारी यंत्रं काढली आणि त्यांना 'युनिव्हर्सल' हे नाव पडलं. २००६ मध्ये ब्लू-रे आली, २०१६ मध्ये ४के ब्लू-रे. त्या त्याच नावाखाली जमा झाल्या. थोडक्यात, हे विश्व म्हणजे जपान, अमेरिका आणि युरोपातल्या दिवाणखान्यांचं. आपल्याकडे पानाच्या गादीपासून लग्नाच्या फोटोग्राफरपर्यंत सगळीकडे पोचलेली व्हीसीडी, म्हणजे सिनेमा-नाटकाची व्हिडिओ सीडी, तिकडे कधी रुजलीच नाही, त्यामुळे युनिव्हर्सल म्हणवणाऱ्या यंत्राने ती वाजवलीच पाहिजे असं कुणाला वाटलं नाही.

हे माझ्या लक्षात आलं ते एका रविवारी, मामांच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून कपाट रिकामं करताना. मामी म्हणाली, "यंत्र घ्यायचंय की घर बदलायचंय?" पण मोजणी पूर्ण झाली. ऑडिओ सीडी ३१२. व्हीसीडी २०६, त्यात बहुतेक मराठी नाटकं, थोडी कीर्तनं, काही हिंदी सिनेमे. डीव्हीडी १४८. ब्लू-रे फक्त ११. घरी किंवा फोटोग्राफरकडून लिहून, म्हणजे बर्न करून, आणलेल्या ४०. डीव्हीडी-ऑडिओ २. आणि १९ एसएसीडी, ज्या आपल्याकडे आहेत हे खुद्द मामांनाच माहीत नव्हतं.

या एकोणीसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मामा शास्त्रीय गाण्याचे, पण चाळिशीनंतर त्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा नाद लागला. मुंबईला कामासाठी गेले की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये चक्कर ठरलेली. २००४ मध्ये न्यू जर्सीला मुलीकडे तीन महिने राहिले, तेव्हाही एक बॅग तबकड्यांनीच भरून आणली. ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं, तबकड्या राहिल्या. त्यातल्या पेंटाटोन आणि बिस या युरोपीय कंपन्यांच्या काही खोक्यांच्या कोपऱ्यात नखाएवढं चिन्ह होतं. त्या हायब्रिड एसएसीडी होत्या.

हायब्रिड म्हणजे एकाच तबकडीत दोन थर. तबकडीची जाडी १.२ मिलिमीटर. लेबलच्या लगत नेहमीचा सीडीचा थर असतो आणि मधोमध, ०.६ मिलिमीटरवर, दाट लिखाणाचा दुसरा. सीडीच्या यंत्रातला ७८० नॅनोमीटरचा लेसर मधल्या थरातून आरपार जातो आणि सीडीच वाचतो. डीव्हीडीसाठीचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर मात्र मधल्या थरावरून परततो आणि तिथलं लिखाण उचलतो. त्यामुळे हायब्रिड तबकडी कुठल्याही साध्या यंत्रात वाजते, तक्रार करत नाही आणि आपल्या पोटात आणखी काही आहे याचा पत्ताही लागू देत नाही. मामा वीस वर्षं सीडीचाच थर ऐकत होते.

"म्हणजे मी पैसे पूर्ण दिले आणि ऐकलं अर्धं?" मामा.

अर्धं नव्हे, पण आता त्यांना ते ऐकायचंच होतं. तोवर कागदावर नुसतं 'चांगला प्लेअर' असं लिहिलेलं होतं, त्याखाली पहिली खरी अट पडली: एसएसीडी वाजली पाहिजे.

दुसरी अट अँप्लिफायरच्या पाठीमागे सापडली. मामांचा अँप्लिफायर नव्वदच्या दशकातला, फक्त दोन स्पीकरचा. त्याच्या पाठीला लाल-पांढऱ्या आरसीए खोबण्या आहेत. एचडीएमआय नाही, ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल ही डिजिटल खोबणही नाही. तो बदला म्हणायची माझी छाती नव्हती, आणि बदलावा असा तो वाईटही नाही.

इथे एक मेख आहे आणि ती दुकानात कुणी सांगत नाही. नक्कल होऊ नये म्हणून एसएसीडीचा मूळ डिजिटल प्रवाह ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सियल तारेतून बाहेर सोडत नाहीत. तो बाहेर येतो एचडीएमआयमधून, नाहीतर यंत्राने स्वतःच त्याचा अ‍ॅनालॉग आवाज करून आरसीएतून द्यायचा. मामांच्या बाबतीत पहिला रस्ता बंद. म्हणजे एसएसीडी नुसती वाचणारं यंत्र पुरणार नव्हतं, त्याच्या पाठीला आरसीए हवेच होते.

या एका चाळणीतून माझा महिनाभराचा तक्ता काढला आणि बहुतेक नावं गळून पडली. सोनीचं यूबीपी-एक्स८००एम२ घ्या. ४के, ब्लू-रे, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, सगळं वाजवतं. पण पाठीला एचडीएमआय आणि कोअ‍ॅक्सियल, बास. शिवाय पुढे अक्षरं दाखवणारी पट्टीच नाही. कितवा ट्रॅक चालू आहे हे पाहायला टीव्ही लावा. डोळे मिटून गाणं ऐकणाऱ्या माणसाला हे कसं चालावं? पॅनासोनिकचं डीपी-यूबी८२० याच्या बरोबर उलट. पाठीला ७.१ वाहिन्यांचे, म्हणजे आठ स्पीकरांपर्यंतचे, आरसीए आहेत, पण एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ ते घेतच नाही. एकाला गाता येतं पण घराला दार नाही. दुसऱ्याला आठ दारं, पण ते गाणंच येत नाही.

दोन्ही जमणारी यंत्रं होऊन गेली. ओप्पो डिजिटल या कॅलिफोर्नियातल्या कंपनीची यूडीपी-२०३ आणि यूडीपी-२०५ ही त्यातली नावाजलेली. ("ओप्पो? तो फोनवाला?" मामा. नाव तेच, भावकी दूरची.) २०३ बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ५४९ डॉलर होती. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने नवी यंत्रं बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि तेव्हापासून वापरलेल्या यंत्राला नव्याहून जास्त भाव येऊ लागला. पायोनियरचं यूडीपी-एलएक्स५०० त्याच वर्षी आलं, तेही आता शोधावं लागतं. नंतरच्या काळात रेव्हॉन आणि मॅग्नेटार या नावांनी ती जागा भरायचा प्रयत्न झाला. मॅग्नेटारच्या यूडीपी८०० ला एसएसीडी येते आणि पाठीला आरसीएही आहेत, पण किंमत मामांच्या ४० हजारांच्या कितीतरी पुढे.

मग मी प्रश्न उलटा केला. मामांना काय काय नको आहे? ४के नको, कारण टीव्ही ४३ इंची, फुल एचडी, आणि कपाटात ४केची एकही तबकडी नाही. सात-आठ स्पीकर नकोत. इंटरनेट नको. ही तीन ओझी उतरवली की २००९ ते २०१५ च्या दरम्यान निघालेली, ४के येण्याआधीची युनिव्हर्सल ब्लू-रे यंत्रं पुन्हा नजरेत येतात. ती नवी मिळत नाहीत, पण ज्यांनी घेतली ते बहुधा शौकीन लोक, यंत्र जपून वापरणारे.

व्हीसीडीचं काय, हे मी तोपर्यंत टाळत होतो. ते आता टाळता येईना. संख्येने बघितलं तर कपाटातला दुसरा मोठा ढीग तोच आणि मामीच्या दृष्टीने पहिला. ब्लू-रेच्या काळातल्या बऱ्याच यंत्रांची चालणाऱ्या तबकड्यांची यादी वाचली तर तीत एसएसीडी आहे, एचडीसीडी आहे, कोडॅक पिक्चर सीडीसुद्धा आहे, व्हीसीडी नाही. ती न वाजण्यामागे कुठला अवघड तांत्रिक अडसर नाही. १९९३ चा साधा एमपीईजी-१ प्रकार, चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं. तिकडच्या गिऱ्हाइकाने मागितलं नाही, यांनी ठेवलं नाही.

आणि प्रदेश-कोड, म्हणजे तबकडी जगाच्या कुठल्या भागातल्या यंत्रावर वाजेल ती खूण. डीव्हीडीच्या नकाशावर भारत पाचव्या प्रदेशात, अमेरिका पहिल्या. ब्लू-रेच्या नकाशावर भारत 'सी', अमेरिका 'ए'. ४के ब्लू-रेला प्रदेशाची भानगडच नाही, सीडीला, व्हीसीडीला, एसएसीडीलाही नाही. मामांच्या १४८ पैकी १७ डीव्हीडी न्यू जर्सीहून आणलेल्या, पहिल्या प्रदेशाच्या. त्या त्यांनी आणल्या, इथल्या यंत्राने नाकारल्या आणि वीस वर्षं 'खराब निघाल्या' या शेऱ्याखाली पडून होत्या. खराब काही नव्हत्या.

आता गंमत बघा. भारी युनिव्हर्सल यंत्र व्हीसीडीला अडतं आणि प्रदेशालाही अडतं. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दोन हजारांच्या आत मिळणारा साधा डीव्हीडी प्लेअर दोन्हीला अडत नाही. तो व्हीसीडी वाजवतोच, कारण त्याशिवाय इथे तो कुणी घेतला नसता. आणि त्यातले बरेचसे कुठल्याही प्रदेशाची डीव्हीडी मुकाट्याने लावतात. मी मामांना सांगितलं, दोन यंत्रं घेऊ.

"म्हणजे युनिव्हर्सल घ्यायचं, आणि ते युनिव्हर्सल नाही म्हणून दुसरं घ्यायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामी मात्र म्हणाली, "मला ते छोटंच द्या. मोठ्याला मी हात लावणार नाही." आणि विषय मिटला. घरातले निर्णय असेच होतात, तक्त्यांनी होत नाहीत.

छोटं यंत्र सहज आलं, १,९०० रुपयांना. घेताना एकच गोष्ट पाहिली: मागे एचडीएमआय आहे ना. स्वस्तातल्या स्वस्त प्लेअरला फक्त पिवळी-लाल-पांढरी जोडणी असते आणि नव्या टीव्हींना ती खोबण असतेच असं नाही.

मोठ्यासाठी मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या. वापरलेलं यंत्र घ्यायचं तर 'चालतंय की' या शब्दावर घ्यायचं नाही, म्हणून मी पिशवीत तपासणीच्या तबकड्या घेऊन गेलो: एक हायब्रिड एसएसीडी, दोन थरांची लांबलचक डीव्हीडी, एक ब्लू-रे, एक छापील सीडी आणि एक घरी लिहिलेली सीडी. ही निवड उगाच नव्हती. अशा यंत्रात तीन लेसर असतात: सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडी आणि एसएसीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. एक थकला तरी बाकीचे चालू राहतात, म्हणून प्रत्येकाला वेगळं कामाला लावून पाहावं लागतं. घरी लिहिलेली सीडी ही सीडीच्या लेसरची कडक परीक्षा. तिच्यात छापील सीडीसारखे खड्डे नसतात, रंगाचा थर असतो, आणि तो ७८० च्या प्रकाशासाठीच जमवलेला असतो. लाल लेसरला तिथून पुरेसा प्रकाश परत मिळत नाही. १९९० च्या दशकातले पहिले काही डीव्हीडी प्लेअर घरी लिहिलेल्या सीड्या नाकारायचे ते यामुळेच.

पहिलं यंत्र ठाण्यात पाहिलं. मालक सज्जन, यंत्र चकचकीत. हायब्रिड घातली, वाद्यवृंद सुरू झाला, मालक म्हणाले, "ऐका, काय आवाज आहे." आवाज छानच होता. पण पुढच्या पट्टीवर अक्षरं उमटली होती: सीडी. मेनूत जाऊन पाहिलं, प्राधान्य एसएसीडीला दिलेलं होतं. पुन्हा घातली, पुन्हा सीडी. मग दोन थरांची डीव्हीडी लावली, तर दुसऱ्या थरावर जाताना चित्र गोठलं ते गोठलंच. लाल लेसर थकला होता. मधला थर त्याला वाचता येईना, म्हणून यंत्र निमूटपणे सीडीच्या थरावर उतरत होतं, आणि मालकांना याचा गंधही नव्हता. ते फसवत नव्हते. हायब्रिड तबकडी फसवत होती, जशी ती मामांना वीस वर्षं फसवत आली. हा प्रसंग मी अजून विसरलेलो नाही, कारण पट्टीकडे नजर गेली नसती तर मी ते यंत्र आनंदाने घेऊन आलो असतो.

दुसरं पार्ल्यात मिळालं, २४ हजारांना. पाचही तबकड्या लागल्या, डीव्हीडीचा थर बदलताना क्षणभर अडखळून पुढे गेली, तेवढं चालतं. यंत्र परदेशातून आणलेलं असल्यामुळे पाठीवरची पट्टी वाचली: १०० ते २४० व्होल्ट. इथे नुसतं ११० किंवा १२० असतं तर ते आपल्या २३० वर थेट लावणं म्हणजे होळी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका वापरलेल्या नगावरून कुणाची भलामण किंवा बदनामी करण्यात अर्थ नाही.

पहिली संध्याकाळ फजितीची. यंत्राच्या पाठीला ७.१ साठी आठ आरसीए, त्यातले पुढचा डावा आणि पुढचा उजवा मी मामांच्या अँप्लिफायरला जोडले. एसएसीडी घातली. पट्टीवर एसएसीडी उमटलं, मामा खुर्चीत सावरून बसले. वाद्यवृंद भरून आला आणि मग गायिका सुरू झाली, तर ती पडद्याआडून गात असल्यासारखी. मामा काही बोलले नाहीत, पण चेहरा पडला. नंतर एका हिंदी सिनेमाची डीव्हीडी लावली. गाणी दणदणीत, संवाद मात्र कुजबुजल्यासारखे. तेव्हा ट्यूब पेटली. पाच स्पीकरच्या मांडणीत मुख्य आवाज, मग तो गायिकेचा असो की नायकाचा, मधल्या स्पीकरवर टाकलेला असतो. यंत्र तो आवाज इमानेइतबारे मधल्या खोबणीत पाठवत होतं आणि त्या खोबणीत तारच नव्हती.

दुरुस्ती दोन मिनिटांची. एसएसीडीवर दोन वाहिन्यांचा आणि अनेक वाहिन्यांचा असे बहुधा दोन वेगळे विभाग असतात. मेनूत पसंती दोन वाहिन्यांना दिली. डीव्हीडी आणि ब्लू-रेसाठी डाउनमिक्स, म्हणजे सगळ्या वाहिन्या दोनांत मिसळण्याची सोय, 'स्टिरिओ'वर आणलं. गायिका पडद्याबाहेर आली. जुन्या अँप्लिफायरला भारी यंत्र जोडणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं, आणि बहुतेक जण दोष स्पीकरला देऊन मोकळे होत असणार.

आता मुख्य प्रश्न: त्या एकोणीस तबकड्यांमधून मामांना नवं काय ऐकू आलं? पहिले चार दिवस ते रोज फोनवर सांगत होते की व्हायोलिनच्या मागची हवा ऐकू येते. मी शंकेखोर. पुढच्या रविवारी यंत्राच्या पट्टीवर पंचा टाकला, मामांना स्वयंपाकघरात पाठवलं, थर बदलून त्यांना बोलवायचं, आवाजाची पातळी तीच ठेवायची, असं सहा वेळा केलं. निकालाची नोंद मामीकडे. मामांनी सहापैकी चार बरोबर ओळखले. ते खूश झाले. मी हिशेब केला: नाणं उडवून सांगितलं तरी साधारण तीनातल्या एका वेळी चार किंवा जास्त बरोबर येतातच. हे मी त्यांना सांगितलं, आणि सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं, पण ते म्हणाले, "असू दे. वीस वर्षांनी नीट बसून ऐकलं, हे तर खरं?"

माझं मत विचाराल तर दोन स्पीकरवर आणि त्या वयाच्या कानांना थरातला फरक फार थोडा आहे. मुद्रण कसं केलंय आणि खोली कशी आहे याने आवाज कितीतरी जास्त बदलतो. नुसत्या एसएसीडीसाठी कुणी २४ हजार घालू नयेत. मामांच्या बाबतीत त्याच पैशांत ब्लू-रे आली, डीव्हीडीचं चित्र फुल एचडी टीव्हीवर सुधारलं आणि सीडीला नवा धडधाकट लेसर मिळाला, म्हणून ते अंगी लागले.

डीव्हीडी-ऑडिओच्या दोन तबकड्या एकदा लावल्या. वाजल्या. परत ठेवल्या.

छोट्या यंत्राने वेगळंच काम काढलं. व्हीसीडीचं चित्र ४३ इंचांवर पाहणं हे धाडस आहे. ३५२ गुणिले २८८ म्हणजे लाखभर ठिपके, फुल एचडी पडद्यावर वीस लाखांहून जास्त. एकेक ठिपका वीस ठिपक्यांवर ताणायचा, मग चेहरा वितळल्यासारखा दिसणारच. त्यात टीव्ही आपणहून चित्र आडवं ताणतो आणि नाटकातला सडपातळ नायकही दुहेरी हाडाचा होतो. टीव्हीच्या मेनूत जाऊन चार-तीनचं प्रमाण केलं, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या, माणसं पुन्हा माणसांसारखी दिसू लागली. मामांची खुर्चीही दोन फूट मागे सरकवली. प्रत सुधारत नाही, पण डोळा कमी दुखतो.

त्या २०६ मधल्या बऱ्याच २००७ च्या सुमाराच्या. मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली तो तो काळ. भाजीच्या पिशवीतून सिनेमा घरी येत होता. अठ्ठावीस रुपयांच्या वस्तूने इतकी वर्षं काढली हेच पुष्कळ; २०६ पैकी ११ लागल्या नाहीत. बर्न केलेल्या त्या ४० मध्ये मात्र ९ गेल्या. रंगाचा थर फिका पडतो, वर चिकटवलेलं कागदी लेबल फुगतं आणि तबकडी डगमगते, त्यात पावसाळ्यातली बुरशी. उरलेल्या ३१ मी संगणकावर उतरवून घेतल्या. व्हीसीडीत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो आणि त्यात डॅट शेपटीच्या फायली, त्याच चित्रफिती. बऱ्याचशा जशाच्या तशा चालतात. छोट्या यंत्राला पेनड्राइव्ह लागतो, त्यामुळे त्याही तिथेच दिसतात.

न्यू जर्सीच्या १७ 'खराब' डीव्हीडी याच १,९०० रुपयांच्या यंत्रावर लागल्या, सगळ्या. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीच्या म्हणून चित्र उड्या मारील अशी भीती होती, पण टीव्ही-प्रकार 'ऑटो'वर ठेवला आणि काही झालं नाही.

एकंदर खर्च: मोठं यंत्र २४,०००, छोटं १,९००, तारा ७००. चौथ्या महिन्यात मोठ्याचा ट्रे अडकायला लागला. आतला रबरी पट्टा सैल झाला होता. जुन्या यंत्रांचं हे नेहमीचं दुखणं, आणि तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने अर्ध्या तासात पट्टा बदलून दिला. खरी भीती लेसरची आहे. तो गेला तर या मॉडेलचा सुटा भाग मिळणं कठीण, म्हणून उरलेल्या पैशांना मामा हात लावत नाहीत.

एक गोष्ट आता मी वेगळी केली असती. छोटं यंत्र पहिल्याच दिवशी आणून दिलं असतं आणि महिनाभर त्यावर काय लागतं, काय अडतं हे पाहून मग मोठ्याच्या मागे लागलो असतो. तेवढ्या काळात मामांच्या ७३८ पैकी सातशेच्या वर तबकड्यांची सोय झाली असती.

मामीने दोन्ही यंत्रांवर डॉक्टरी चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर बॉलपेनने लिहून ठेवलंय. छोट्यावर 'नाटक, लग्न, अमेरिका'. मोठ्यावर 'ह्यांचं'.